लहान संगणकास हब अथवा डॉक निवडतांना

हल्लीं शाळेच्या फाटकाशीं भेटणाऱ्या पालकांचा प्रश्न बदलला आहे. पूर्वीं ते विचारीत, "सर, मुलास संगणक घेऊन द्यावा काय?" आतां ते विचारतात, "सर, संगणक तर घेतला. परंतु प्रिंटर जोडावयाचा म्हटला कीं पेन ड्राइव्ह काढावा लागतो. दुकानदार म्हणतो हब घ्या, मुलगा म्हणतो डॉक घ्या. आम्हीं घ्यावें तरी काय?" कापूस किंवा सोयाबीन विकून आलेल्या पैशांतून ज्यानें संगणक घेतला, त्याचा हा प्रश्न क्षुल्लक म्हणून टाळतां येत नाहीं. जेथें चारशें रुपयांची वस्तु पुरेल तेथें वीस-पंचवीस हजारांची वस्तु गळ्यांत पडूं शकते. आणि जेथें चांगली वस्तु पाहिजे तेथें चारशें रुपयांची घेतल्यानें वर्षाचें काम पाण्यांत जाऊं शकतें. यांपैकीं दुसरा अनुभव मीं स्वतः घेतला आहे. म्हणून प्रथम तोच सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं एप्रिल महिन्यांत वार्षिक परीक्षेचे गुण संगणकावर भरण्याचें काम चाललें होतें. संगणक लहान, तळहातावर मावेल एवढा. त्याला दारें थोडीं. म्हणून मीं बाजारांतून सात दारांचा एक हब आणला होता, आणि गुणांची फाइल ज्या हार्ड डिस्कवर होती ती त्या हबास जोडली होती. संगणक यू. पी. एस. वर होता; हबाचा अडॅप्टर मात्र भिंतींतल्या साध्या प्लगांत खोंचलेला. दुपारीं वीज गेली. संगणक चालूच राहिला, म्हणून मी निर्धास्त होतों. परंतु हब क्षणभर बंद पडून पुन्हां जागा झाला, आणि त्या क्षणांत डिस्कवर जें लिहिलें जात होतें तें अर्धवट राहिलें. फाइल उघडेना. आदली प्रत पंधरा दिवसांपूर्वींची. आम्हीं चौघां शिक्षकांनीं दोन रात्री बसून कागदी तक्त्यांवरून सर्व गुण पुन्हां भरले. त्या जागरणांत एका विद्यार्थ्याचे गणिताचे ७१ गुण १७ झाले. निकालाच्या दिवशीं तो मुलगा कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील एस. टी. नें आले आणि उत्तरपत्रिका पाहावयास मिळेल काय, एवढेंच त्यांनीं हात जोडून विचारलें. चूक आमची होती व ती त्याच तासाला दुरुस्त झाली. परंतु त्या मुलानें मधली एक रात्र कशी काढली असेल, हा विचार अजून माझ्या मनांतून जात नाहीं. दोष हबाचा नव्हता. तो कोणत्या कामासाठीं व कोणत्या रीतीनें वापरावा याचा मीं विचारच केला नव्हता, हा खरा दोष.

आतां मूळ विषयाकडे वळूं. मेजावर ठेवावयाचा संगणक पूर्वीं एखाद्या लहान पेटीएवढा असे, आणि त्याच्या पाठीवर आठ-दहा दारें असत. दार म्हणजे ज्यास आपण पोर्ट म्हणतों तें. २००५ सालीं अ‍ॅपल कंपनीनें मॅक मिनी काढला. त्याची बाजू साडेसहा इंच व उंची दोन इंच होती. २०१२ सालीं इंग्लंडांत रास्पबेरी पाय नांवाचा, जवळजवळ खिशांतल्या पाकिटाएवढ्या पाटीचा संगणक मुलांच्या शिक्षणाकरितां निघाला. २०२४ सालच्या मॅक मिनीची बाजू तर पांचच इंच आहे. यंत्र लहान झालें, तशी दारांना जागा राहिली नाहीं. या २०२४ सालच्या यंत्राच्या पाठीशीं तीन थंडरबोल्ट दारें, मॉनिटरसाठीं एक एच. डी. एम. आय. आणि जाळ्यासाठीं एक इथरनेट आहे; पुढील बाजूस दोन यू. एस. बी.-सी दारें व कानांस लावावयाच्या यंत्राचें एक. आपल्या घरांतील जुन्या कीबोर्डाची, माऊसाची किंवा प्रिंटराची जी चपटी चौकोनी टोंकें असतात, त्यांस बसेल असें एकही दार त्याला नाहीं. म्हणून जोडयंत्र घेणें हा येथें हौसेचा विषय राहत नाहीं. पुष्कळांस तें घ्यावेंच लागतें.

या चपट्या टोंकाचा थोडा इतिहास विद्यार्थ्यांस आवडेल. १९९६ पूर्वीं कीबोर्डास एक टोंक, प्रिंटरास दुसरें, असा गोंधळ असे. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आय. बी. एम. इत्यादि सात कंपन्यांनीं मिळून सर्वांस चालेल असें एकच टोंक ठरविलें, तेंच यू. एस. बी. इंटेल कंपनींत हें काम ज्यांनीं पुढें नेलें ते अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर होत. या पद्धतींत प्रत्येक यंत्रास सात द्विमान अंकांचा पत्ता मिळतो. सात द्विमान अंकांनीं १२८ संख्या लिहितां येतात. त्यांतील शून्य हा पत्ता नव्यानें आलेल्या पाहुण्यासाठीं राखून ठेवलेला असतो. म्हणून एका मार्गावर, हब धरून, १२७ यंत्रें नांदूं शकतात. मात्र एकामागें एक असे पांचांहून अधिक हब जोडतां येत नाहींत.

हब म्हणजे काय? संगणकाचें एक दार घेऊन त्याचीं चार किंवा सात दारें करणारें साधें यंत्र. डॉक म्हणजे त्याच्या पुढची पायरी. त्यांत यू. एस. बी. च्या दारांबरोबर मॉनिटराचें दार, इथरनेट, छायाचित्रांच्या कार्डाची खांच, कधीं आंत जादा डिस्क बसविण्याची जागा, अशा निरनिराळ्या सोयी एका तारेवर मिळतात. परंतु दुकानांत जे डॉक दिसतात त्यांपैकीं बहुतेक लॅपटॉपासाठीं योजलेले असतात. लॅपटॉप घेऊन घरीं आलेल्या माणसानें एकच तार खोंचावी, कीं मॉनिटर, कीबोर्ड, जाळें व शिवाय लॅपटॉपास लागणारी वीज हें सर्व एकदम मिळावें, असा त्यांचा हेतु. मेजावरचा लहान संगणक स्वतःची वीज स्वतःच्या तारेनें घेतो. त्याला डॉकाकडून मिळणारी साठ किंवा शंभर वॅट वीज निरुपयोगी. ज्यास पाठीमागें इथरनेट आहे त्याला दुसऱ्या इथरनेटाची जरूरी नाहीं. जें वापरावयाचें नाहीं त्याचे पैसे देऊं नयेत, हा पहिला नियम.

दुसरा नियम वेगाचा. तो समजण्यास दारव्हेकरांस दूरचें उदाहरण नको. आपल्या मोतीबाग स्टेशनावरून जी शकुंतला गाडी जात असे, तिचे रूळ अडीच फूट रुंदीचे होते. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा तिचा मार्ग ११३ किलोमीटरांचा. मूर्तिजापुरास मुंबई-नागपूरचा मोठा मार्ग लागतो. त्याचे रूळ साडेपांच फूट रुंदीचे. इकडचा कापूस तेथें उतरवून मोठ्या डब्यांत भरावा लागे. १९९४ पर्यंत त्या गाडीस वाफेचें इंजिन होतें. ती गाडी कांहीं वर्षांपूर्वीं थांबली; परंतु तिच्यापासून शिकण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. मोठ्या मार्गावरची गाडी कितीही वेगानें धांवो, यवतमाळचा माल मुंबईस केव्हां पोंचणार हें अडीच फुटी रूळच ठरवीत असत. तसेंच, त्या मार्गावर स्टेशनें पुष्कळ असलीं तरी रूळ एकच असल्यानें सर्व गांवांचा माल त्याच रुळावरून जाई. हबाचें तंतोतंत असेंच आहे. त्याचीं दारें सात असलीं तरी संगणकाकडे जाणारी तार एकच. आणि संपूर्ण साखळीचा वेग तिच्या सर्वांत अरुंद दुव्याइतका.

हे दुवे किती रुंद असतात तें पाहूं. २००० सालच्या यू. एस. बी. २.० चा वेग सेकंदास ४८० मेगाबिट. २००८ सालच्या ३.० चा ५ गिगाबिट. २०१३ सालीं तो १० झाला. २०१९ मध्यें ठरलेल्या यू. एस. बी. ४ चा वेग ४० पर्यंत जातो. थंडरबोल्ट ४ चा वेगही ४० आणि थंडरबोल्ट ५ चा ८०. जाहिरातींत बिट सांगतात व आपण फाइल बाइटांत मोजतों, हें लक्षांत असावें; आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १० गिगाबिटांच्या मार्गावर प्रत्यक्षांत सेकंदास सुमारें १,००० मेगाबाइट जातात, आणि यू. एस. बी. २.० वर अवघे चाळीसाच्या आसपास. आतां फिरत्या चकतीची लहान हार्ड डिस्क स्वतःच सेकंदास सुमारें १०० मेगाबाइटांहून फारसें अधिक देत नाहीं. तिच्यासाठीं ४० गिगाबिटांचा डॉक घेणें म्हणजे बैलगाडीसाठीं आगगाडीचा पूल बांधणें होय. उलट, सेकंदास ७,००० मेगाबाइट देणारी नवी एस. एस. डी. घेऊन ती १० गिगाबिटांच्या डॉकांत बसविली, तर ती १,००० वरच थांबेल. मॅक मिनीच्या खालीं ठेवावयाचे जे सुबक डॉक मिळतात, त्यांपैकीं पुष्कळांचा मार्ग १० गिगाबिटांचाच असतो. डिस्क घेण्यापूर्वीं डॉकाच्या डब्यावरील तो आंकडा वाचावा.

कीबोर्ड व माऊस यांस वेगाची गरज नाहींच. हबांत त्यांना जोडल्यानें डिस्क मंद होते ही समजूत चुकीची आहे, कारण यू. एस. बी. ३ च्या हबांत खरोखर दोन हब असतात, एक वेगवान यंत्रांचा व दुसरा जुन्या यंत्रांचा, आणि त्यांच्या तारा आंतून निराळ्या असतात.

तिसरा नियम विजेचा, आणि आमच्या गुणपत्रकांचें नुकसान येथेंच झालें. यू. एस. बी. चें दार पांच व्होल्टांची वीज देतें. यू. एस. बी. २.० चें दार अर्धा अँपियर देतें, ३.० चें ०.९ अँपियर. ज्या हबास स्वतःचा अडॅप्टर नाहीं तो एवढ्यांतच सर्वांचें भागवितो. त्यास कीबोर्ड, माऊस व एक पेन ड्राइव्ह खुशाल जोडावा. परंतु फिरती हार्ड डिस्क सुरू होतांना एकटीच जवळजवळ एक अँपियर ओढते. अशा दोन डिस्का बिनअडॅप्टरच्या हबास जोडल्या, तर त्या टक्‌टक् आवाज करून बंद पडतात, आणि आपण डिस्क बिघडली असें समजतों. रास्पबेरी पाय ४ या संगणकाच्या चारही यू. एस. बी. दारांस मिळून १.२ अँपियरच मिळतात. म्हणून त्यावर डिस्क लावावयाची तर अडॅप्टरचाच हब घ्यावा. अडॅप्टर निवडतांना व्होल्ट व अँपियर यांचा गुणाकार करून पाहावा: १२ व्होल्ट व ३ अँपियर म्हणजे ३६ वॅट. त्यावर भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह व नोंदणी क्रमांक आहे कीं नाहीं, हेंही पाहावें. आणि शेवटचें, परंतु सर्वांत महत्त्वाचें: ज्या यू. पी. एस. वर संगणक, त्याच यू. पी. एस. वर हबाचा अडॅप्टर. एक चालू व दुसरा बंद, अशी स्थिति दोन्ही बंद होण्यापेक्षां अधिक फसवी असते.

चौथी गोष्ट मॉनिटरची. दुसरा मॉनिटर पाहिजे म्हणून लगेच डॉक घेण्याचें कारण नाहीं. २०२४ सालचा मॅक मिनी तीन मॉनिटर चालवितो; एक एच. डी. एम. आय. वर व दुसरे पाठीमागच्या थंडरबोल्ट दारांवर साध्या तारेनें लागतात. पुढचीं दोन दारें मात्र चित्र देत नाहींत. मॉनिटरची सोय असलेला हब पुढें खोंचून, "चित्र येत नाहीं, हब खराब निघाला," म्हणून दुकानदाराशीं भांडलेले लोक मीं पाहिले आहेत. दुसरी अडचण अशी कीं, यू. एस. बी.-सी तारेंत वेगवान मार्गिका चारच असतात. स्वस्त हब त्यांतील दोन चित्रास व दोन फाइलींस देतो, अथवा चारही चित्रास देऊन फाइलींस जुना ४८० मेगाबिटांचा मार्ग ठेवतो. म्हणून शक्य असल्यास मॉनिटर संगणकासच जोडावा व हब फक्त बाकीच्या यंत्रांसाठीं ठेवावा.

कांहीं लहान गोष्टी थोडक्यांत सांगतों. यू. एस. बी.-सीच्या सर्व तारा दिसण्यांत सारख्या असल्या तरी गुणांत सारख्या नसतात. मोबाइलाबरोबर येणारी तार पुष्कळदां ४८० मेगाबिटांचीच असते. हबाबरोबर आलेली आंखूड तारच वापरावी. यू. एस. बी. ३ चीं यंत्रें २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास रेडिओलहरींचा गोंगाट करतात, आणि बिनतारी माऊस त्याच लहरींवर चालतो. हब लावल्यापासून माऊस अडखळूं लागला, तर त्याचा लहानसा ग्राहक हबापासून हातभर दूर, जोडतारेनें लावावा. नवा माऊस घेण्याची घाई करूं नये. २०२४ सालचा मॅक मिनी हवा खालच्या बाजूनें घेतो व तिकडूनच सोडतो, आणि त्याची कळही खालींच आहे. म्हणून त्याखालीं ठेवावयाचा डॉक त्याच मापाचा, हवेस वाट सोडणारा असावा. आपल्याकडील मे महिन्यांत हें विसरून चालणार नाहीं.

आतां पालकांच्या प्रश्नास सरळ उत्तर देतों. ज्या घरीं संगणकावर अभ्यास, पत्रलेखन व छपाई एवढेंच काम आहे, त्यांनीं चार दारांचा साधा हब घ्यावा. एकच जुनें टोंक बसवावयाचें असेल तर हबही नको, शे-दोनशें रुपयांचा जोड पुरे. ज्यांच्याकडे हिशेबाच्या, शाळेच्या किंवा दुकानाच्या नोंदी डिस्कवर राहतात, त्यांनीं अडॅप्टरसह, १० गिगाबिटांचा हब घ्यावा व तो यू. पी. एस. वर ठेवावा. ज्यांचा व्यवसाय लग्नसमारंभाचीं छायाचित्रें व चित्रफिती तयार करण्याचा आहे, ज्यांना रोज शेंकडों गिगाबाइट हलवावे लागतात, त्यांनींच थंडरबोल्ट डॉकाचा विचार करावा. त्यांचा वांचलेला वेळ ती किंमत भरून काढील.

घेतलेली वस्तु खरी आहे कीं नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं घरींच पाहावें. दहा गिगाबाइटांची, म्हणजे १०,००० मेगाबाइटांची, एक फाइल घेऊन ती संगणकांतून हबावरील एस. एस. डी. वर उतरवावी आणि घड्याळ लावावें. दहा-बारा सेकंद लागले तर मार्ग १० गिगाबिटांचा आहे. पंचवीसच्या आसपास लागले तर ५ चा. चार मिनिटें लागलीं, तर २५० सेकंदांनीं १०,००० ला भागा: ४० येतील. म्हणजे कोठें तरी जुनी तार किंवा जुनें दार मधें आलें आहे. एकेक दुवा बदलून तो शोधावा. विज्ञानाच्या तासाला आपण हेंच करतों. एका वेळीं एकच गोष्ट बदलतों व परिणाम लिहून ठेवतों.

यानंतरही एक गोष्ट उरते, ती कोणताही हब किंवा डॉक करूं शकत नाहीं. डिस्क काढण्यापूर्वीं संगणकास तसें सांगून ती मोकळी करून घ्यावी, आणि महत्त्वाच्या फाइलीची दुसरी प्रत त्याच दिवशीं दुसऱ्या जागीं ठेवावी. आमच्या कचेरींत आतां गुणांच्या दोन प्रती रोज निघतात, आणि भरलेले आंकडे एका शिक्षकानें वाचावयाचे व दुसऱ्यानें मूळ तक्त्याशीं ताडून पाहावयाचे, असा प्रघात आहे. हबाचा अडॅप्टरही यू. पी. एस. वर गेला आहे. तो मुलगा पुढें आमच्याच शाळेंतून दहावी उत्तीर्ण झाला. त्याचे वडील मागें बाजारांत भेटले, तेव्हां त्यांनीं मला हाच प्रश्न विचारला: "सर, पोरानें लहान संगणक घेतला आहे. त्याला हब कोणता घेऊं?" मीं त्यांना सर्व समजावून सांगितलें, आणि त्यांस जें सांगितलें तेंच येथें इतरांच्या उपयोगास पडावें म्हणून लिहून ठेविलें आहे.